अंगावर काढलेली एकोणीस वर्षं

आमच्या कारखान्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास फसतो. कुणीतरी त्याच्या हातात कागद देतं आणि म्हणतं, "हा मास्तरांना नेऊन दे." तो बिचारा मिशा आणि नाकावर घसरलेला चष्मा शोधत सगळी शेड पालथी घालतो, आणि शेवटी कापणीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईलाच विचारतो, "मास्तर कुठे भेटतील हो?"

ती मान वर न करता म्हणते, "भेटले. बोला."

आमच्या धंद्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. त्या जागेवर बाई आली म्हणून शब्द बदलायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिलाही ते मनातून आवडत असावं. आम्ही गणवेश शिवतो: शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे. मी काज-बटणाच्या मशीनवर असते, म्हणून सगळ्यांची काजमावशी. माझं मशीन आणि तिचं टेबल समोरासमोर. गेली अकरा वर्षं मी मान वर केली की तीच दिसते.

काम जोखमीचं. ऐंशी थर कापड एकावर एक अंथरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र त्यातून फिरवायचं. पातं फिरलं की ऐंशी बाह्या एकदम तयार. हात सूतभर हलला की ऐंशी बाह्या एकदम वाया. डाव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा, दिवसभर उभं राहणं, आणि नजर पात्यावरून हलवायची नाही. अकरा वर्षांत तिने थर बिघडवल्याचं मला आठवत नाही.

पण महिन्यातले तीन दिवस ती वेगळी दिसायची. टेबलाच्या कडेला पोट दाबून उभी राहायची. चेहरा उतरलेला, वरच्या ओठावर घाम. यंत्र बंद करून दोन मिनिटं नुसती टेबलावर ओणवी व्हायची, पुन्हा चालू करायची. एकदा ती शौचालयातून बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती.

मी काय म्हटलं असेल? खोटं कशाला सांगू. म्हटलं, "अगं, बायकांच्या जातीला हे चुकलंय का? मला तीन पोरं झाली, मी एक दिवस घरी बसले नाही." असं म्हणून मी पुन्हा बटणं लावायला लागले. मोठं शहाणपण सांगितल्यासारखं वाटलं होतं मला तेव्हा.

तिची सगळी कथा मला तुकड्यातुकड्यांनी कळली, जेवणाच्या सुट्टीत. तेराव्या वर्षी सुरुवात. शाळेत बाकावर बसवायचं नाही. बाई म्हणायच्या, "हिचं पोट बरोबर गणिताच्या तासालाच दुखतं." आई म्हणायची, "माझंही असंच होतं. लग्न झालं की बरं होईल." एकविसाव्या वर्षी उजव्या बाजूला असं काही दुखलं की रिक्षात घालून न्यावं लागलं. अपेंडिक्स म्हणाले, काढून टाकलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या महिन्यात दुखणं पुन्हा हजर.

सव्विसाव्या वर्षी लग्न झालं. मग सगळे म्हणायला लागले, मूल झालं की बरं होईल. म्हणजे बरं होण्याची तारीख नुसती पुढे ढकलली जायची. मधल्या काळात दोनदा सोनोग्राफी झाली. दोन्ही वेळेला रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मनावर ताण घेऊ नका म्हणून सांगितलं.

"रिपोर्ट नॉर्मल आला की लोक खूश होतात, मावशी," ती एकदा म्हणाली. "मला मात्र वाटायचं, आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की दुखतंय?"

मग तिने दवाखान्याची पायरी चढणंच सोडलं. दुखणं अंगावर काढायचं, गोळी गिळायची, कामाला यायचं. ती बत्तीस वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं.

त्या वर्षी बायकांच्या एका इस्पितळाची मोठी ऑर्डर आली, तपासणीच्या वेळी घालायच्या चारशे गाऊनची. नमुना पाहायला तिथल्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, चष्म्याला दोरी. मास्तरचा नेमका दुसरा दिवस होता. ती एका हाताने शिवण दाखवत होती आणि दुसऱ्या हाताची मूठ ओटीपोटात रुतवून उभी होती.

सिस्टरांनी गाऊन टेबलावर ठेवला. "हे राहू दे. तुझं काय चाललंय?"

"काही नाही, सिस्टर. महिन्याचं."

"किती वर्षं असं?"

"पहिल्यापासून."

"गोळी घेतल्यावर थांबतं?"

"कमी होतं. थांबत नाही."

शेजारी आमचे इस्त्रीकाका कान टवकारून कॉलर इस्त्री करत होते. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या. "काका, तीन चहा सांगाल का बाहेर? आणि अजिबात घाई करू नका." काका गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "या दिवसांत शौचाला जाताना दुखतं?"

मास्तरने आधी काका गेले त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आतून सुरी फिरल्यासारखं."

"आणि नवऱ्याजवळ असताना? खोलवर?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या बटणाची चार भोकं मोजत बसले.

"हो," ती म्हणाली. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"मुलं?"

"नाहीत. सहा वर्षं झाली लग्नाला."

"पोटाचं काही ऑपरेशन?" त्यावर अपेंडिक्सची गोष्ट निघाली. सिस्टरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही, त्यामुळे मी आजाराचं नाव घेणार नाही. पण एवढं सांगते, हे 'बायकांना असतंच' त्यातलं नाही. माणूस कामावर उभा राहू शकत नाही इतकं दुखणं कुणालाच 'असतंच' नसतं. आमच्याकडे बुधवारी एक बाई डॉक्टर येतात, त्यांना दाखव. तोवर रोजचं लिहून ठेव. कुठे दुखलं, दहापैकी किती, आणि त्यामुळे काय करता आलं नाही. 'खूप दुखतं' म्हटलं की डॉक्टरांना फार काही कळत नाही. 'दुसऱ्या दिवशी दुपारी जिना चढता आला नाही' म्हटलं की कळतं."

त्या गेल्या तेव्हा चहा यायचाच होता. मी मास्तरला म्हटलं, "मी तुला उगाच बोलले गं इतकी वर्षं."

"तुम्ही एकट्या थोड्याच," ती म्हणाली आणि नमुन्याचा गाऊन घडी करायला लागली.

लिहायला तिने वही घेतली नाही. कापणीचे कागदी साचे काढून उरलेल्या लांब पट्ट्या होत्या, त्यांवर पेन्सिलीने लिहायची. दोन महिने लिहिलं. एका ओळीत होतं, "बसमध्ये जागा मिळाली, पण बसवलं नाही." दुसऱ्या ओळीत, "सासूबाईंनी हाक मारली. उठायला वेळ लागला. त्यांना राग आला." त्या पट्ट्या एकीखाली एक धरल्यावर मलासुद्धा दिसलं की हे दुखणं नुसतं पाळीपुरतं राहिलेलं नव्हतं. आधीचे चार दिवस, मधले काही दिवस, सगळीकडे पसरलं होतं.

मग ज्या बुधवारी दाखवायला जायचं ठरलं, तेव्हा नवरा एका नव्या इमारतीत पाइप जोडायच्या कामावर अडकलेला होता. तो प्लंबर आहे. म्हणून तिच्याबरोबर मी गेले.

पडद्याआड जाऊन ती तिथला जुना गाऊन घालून आली, तो दोन्ही हातांनी मागून घट्ट धरूनच. "मावशी, हा कुणी कापलाय? याला पाठच नाही." अशा जागी, अशा वेळी तिला शिवणकामातली चूक दिसावी! मला हसू आवरेना. पुढे त्या चारशे गाऊनसाठी तिने नवा साचा काढला. पुढून एकावर एक पदर येणारा, कमरेला बाजूने बांधायचा, म्हणजे तपासताना लागेल तेवढंच उघडावं लागतं. इस्पितळाने तो लगेच मान्य केला.

डॉक्टरांनी त्या पट्ट्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मध्ये एकदाही फोन उचलला नाही. मग तपासायला घेताना म्हणाल्या, "दुखलं तर थांबा म्हण. मी थांबेन." दोनदा ती थांबा म्हणाली, दोनदा त्या थांबल्या. सोनोग्राफी त्यांनी स्वतः केली, सावकाश, एकेक जागा पाहत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. "गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून पडतं. तुझ्या बाबतीत तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेरही रुजल्यात."

मास्तर ताबडतोब म्हणाली, "म्हणजे अस्तर भलत्याच बाजूला लागलंय."

डॉक्टर हसल्या. "जवळजवळ तसंच. आणि दर महिन्याला तिथेही सूज येते, रक्त येतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते. वर्षानुवर्षं असं झालं की आतले अवयव एकमेकांना चिकटतात. तुझ्या डाव्या बीजकोशात जुन्या रक्ताची गाठ आहे, साधारण चार सेंटीमीटरची. आतडंही मागच्या बाजूने ओढलं गेलंय असं वाटतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात."

"मग आधीच्या दोन रिपोर्टांत काही नव्हतं ते?"

"तेव्हा गाठ नसेल. बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये काही न दिसणं आणि पोटात काही नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"बरं होईल?"

"कायमचं नाहीसं करेल असं औषध माझ्याकडे नाही. पण ताब्यात ठेवता येतं, आणि बऱ्यापैकी ठेवता येतं. पाळीच येऊ न देणाऱ्या गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या. त्यांनी नाही भागलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. पण या गोळ्या मूल हवं असेल तेव्हा चालत नाहीत, तेव्हा घरी बोलून मला सांग. आणि कुणी म्हणालं की मूल झालं की हे बरं होतं, तर ऐकून सोडून दे. मूल हे औषध नाही."

तिने ते नाव कागदावर लिहून मागितलं. घरी जाताना बसमध्ये ते मनाशी पुटपुटत होती. चौथ्या प्रयत्नाला जमलं. मला अजून जमत नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीकाकांनी ऐकलं आणि गोंधळून म्हणाले, "मेट्रो? पोटात मेट्रो?"

"हो काका," मास्तर म्हणाली, "आणि ती दर महिन्याला वेळेवर येते, तेच तर दुःख आहे."

हसली खरी, पण घरचं बोलणं अजून व्हायचं होतं. ते तिने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. नवरा स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होता. तिने त्याच्या पाठीकडे बघतच सगळं सांगितलं, कारण तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं. रात्रीचं दुखणंसुद्धा सांगितलं.

त्याने पाना खाली ठेवला. "मला वाटायचं, तुला मी आवडत नाही."

"आणि मला वाटायचं, हे सांगितलं तर तुम्हीच म्हणाल, ही कसली बायको."

"सहा वर्षं तू दात आवळून..." तो भिंतीला टेकून खाली बसला. मग बराच वेळ दोघंही तिथेच, ओल्या फरशीवर बसून राहिले.

पुढच्या बुधवारी तो स्वतः आला. डॉक्टरांना म्हणाला, "कुठे काय चिकटलंय ते मला जरा चित्र काढून दाखवा." डॉक्टरांनी काढलं. तो त्याकडे अशा बारकाईने पाहत होता, जणू एखाद्या जुन्या घराच्या भिंतीत गाडलेल्या पाइपांचा नकाशाच. मुलाचं सध्या लांबवायचं, आधी हिला उभं राहता येऊ दे, असं त्यानेच सांगितलं.

सासूबाईंना हे रुचलं नाही. "गोळ्या घेऊन पाळी बंद करायची? मग नातवंड काय आभाळातून पडणार?" नवरा म्हणाला, "आई, आधी माणूस, मग नातवंड." त्या चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सुनेच्या पलंगावर गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "भरून ठेवलीय. गार झाली तर सांग." माफी म्हणतात ती त्यांच्या तोंडून एवढीच निघाली. मास्तरला ती पुरली.

गोळ्यांनी जादू केली असं नाही. पहिले तीन महिने थोडं थोडं रक्त जातच राहिलं. चिडचिड वाढली. एकदा माझ्यावरच उखडली, "काजं वाकडी येतायत, डोळे तपासून घ्या!" काजं सरळ होती. मी पुढचं काज घ्यायला लागले. संध्याकाळी तीच माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. डॉक्टरांना तिने हेही सांगितलं. त्यांनी थोडा धीर धरायला सांगितला, गोळीची वेळ बदलून दिली, आणि एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. वर्षानुवर्षं दुखत राहिल्याने ओटीपोटाच्या खालचे स्नायू कायमचे आवळलेले होते, ते सैल सोडायला शिकायचं होतं. "दुखणं सहन करायला कुणी शिकवावं लागलं नाही," मास्तर म्हणायची, "अंग सैल सोडायला मात्र शिकवणी लावावी लागली."

पाचव्या महिन्यापासून फरक दिसायला लागला. टेबलाच्या कडेला टेकणं कमी झालं. पण गाठ हटत नव्हती, उलट थोडी वाढली होती, आणि आतड्याकडचं दुखणं गोळ्यांना दाद देत नव्हतं. तेव्हा ऑपरेशन ठरलं.

त्याच्या दोन दिवस आधी तिची आई आली. मी भेटायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पिशवीतून कपडे काढून पुन्हा पिशवीत ठेवत होती.

"छत्तिसाव्या वर्षी माझं गर्भाशय काढलं," ती अचानक म्हणाली. "काय झालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरात म्हणाले, आता हिची नाटकं बंद होतील."

मास्तर उठून बसली. "आई, मग तू मला लग्न झालं की बरं होईल असं का सांगत राहिलीस?"

"मलाही तेच सांगितलं होतं. माझ्याकडे दुसरं होतं काय तुला द्यायला?"

"तुझी नाटकं होती असं मलाही वाटायचं, आई," मास्तर हळूच म्हणाली. "तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. मी शेजारच्या मैत्रिणीला सांगायचे, आमच्या आईला कामाचा कंटाळा आहे."

आईचा आजार हाच होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी त्या दोघींनी जुन्या दिवसांबद्दल जे बोलणं काढलं, ते मी निघाले तरी चाललेलं होतं.

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठ काढली, चिकटलेलं सोडवलं, बीजकोश वाचला. नवऱ्याने बाहेर बसून हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की त्याचे आटे गेले. तीन आठवडे ती घरी होती. आमच्याकडे तेवढ्यापुरता एक कापणारा आला. खराखुरा मिशीवाला मास्तर. पहिल्याच दिवशी त्याने साठ खिसे उलटे कापले, आणि मालकांना आमच्या मास्तरची किंमत कळली. ती परत आली तेव्हा टेबलापाशी एक उंच स्टूल आलेलं होतं. मालक म्हणाले, "आखणी बसून करत जा. नुसतं कापतानाच उभी राहा." इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, तिलासुद्धा.

याला आता दोन वर्षं होत आली. गोळ्या चालू आहेत. दर सहा महिन्यांनी ती दाखवायला जाते. मुलाचं अजून ठरलेलं नाही. कधी दोघांना वाटतं हवं, कधी वाटतं आहे ते बरं आहे. ठरलं तर डॉक्टर पुढचा रस्ता सांगतील, खात्री मात्र कुणी दिलेली नाही. दुखणं गेलेलं नाही. मधूनच एखादा दिवस डोकं वर काढतं. पण आता तिला ते येताना कळतं. वाढायची वाट न पाहता ती खाऊन गोळी घेते, गरम पिशवी घेते, आणि जमत नसेल तर जमत नाही म्हणून सांगते.

गेल्या आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. "मावशी, आज दुखतंय. मी येत नाही. मालकांना मी सांगितलंय."

मालक मला म्हणाले, "मग तुम्ही आणि काका कापड तेवढं अंथरून ठेवा." आम्ही दोघांनी निळं कापड अंथरायला घेतलं. ऐंशी थर. इस्त्रीकाका त्या टोकाला, मी या टोकाला. चांगलं सरळ अंथरलं, असं आम्हाला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. चेहरा ताजा होता. टेबलाभोवती एक फेरी मारली, थरांच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पदर खोचून म्हणाली, "उचला सगळं. पुन्हा अंथरू."